ताटातली कात

सोपाननं सकाळी पुन्हा कात टाकली आणि त्याचं डोकं आढ्याला लागलं. पाठ मानेपासून कमरेपर्यंत उकलली आणि तो तिच्यातून मागं मागं सरत बाहेर आला. ओला, गुलाबी, सायीसारखा लिबलिबीत. त्याच्या बायकोनं, देवकानं, जमीन पुसली. चिकटा फडक्याला धरून दोरीसारखा लांबत गेला.

ही कात त्याच्या मायची करणी. तळ्याकाठी त्यांच्या गोड्या पाण्यातल्या झिंग्यांच्या टाक्या. एका डोळ्याचं देठ चिमटलं की कात अडवून धरणारा रस आटतो, मग झिंगा कातीवर कात टाकतो, हे तिला ठाऊक. "पोरगा काही वाढून नाही राहिला," म्हणत तिनं जेवता जेवता लेकाचा डावा डोळा चिमटून काढला. तो नुसता "दुखते ना वो माय" म्हणाला आणि भात मागितला.

कात टाकल्यावर अंग मऊ पडतं; ते कडक व्हायला आपलीच कात खावी लागते. सोपान ती ताटात मोडून घेई, पापडासारखी. देवका तोंड फिरवी. पण तिचा चातुर्मासाचा नेम होता: एकदाच जेवायचं, तेही नवऱ्याच्या ताटात उरलेलं, आणि शीतसुद्धा टाकायचं नाही. त्याच्या आयुष्यासाठी महादेवापुढं बोललेलं. आजवर तो ताटात तिच्यापुरती नैवेद्याची भगर तेवढी ठेवत आला होता.

आज त्याच्या खांद्यांनी दार बुजलं होतं. त्यानं ढेकर दिली नि ताट सरकवलं.

ताटात त्याच्या पोटाचं अस्तर उरलं होतं, कातीबरोबर तोंडावाटे निघालेलं. बुळबुळीत पिशवी, आत तपकिरी दात, झिंग्याच्या पोटात असतात तसले. दातांत कालची भगर, आंबलेली.

देवकानं हळूच विचारलं, गाईला घातलं तर चालंल का.

"गाईनं धरला का नेम?" सासू म्हणाली. "परसाद हाये तो. वरून नवरा तुहा."

तिनं लेकाच्या दंडावर बोट दाबलं. बोट पेरापर्यंत आत गेलं, आणि काढल्यावर खळगा तसाच राहिला.

"पाह्य. तू जेवल्याबिगर कडक नाही होत तो."

देवकानं ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून नाव घेतलं आणि पिशवी जिभेवर ठेवली. ती कोमट होती. देवकानं दात लावायच्या आत पिशवीच तिला चावू लागली.