आईच्या खोलीतला काळा स्विच

मित्रांनो, खोलीच्या दाराजवळ, खांद्याच्या उंचीवर जो काळा ठोकळा दिसतो आहे ना, तोच मी. दिव्याचा स्विच. माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. हे घर बांधले तेव्हा इथल्या बाबांनी मला स्वतःच्या हाताने भिंतीत बसवले. त्यांना त्याचा केवढा अभिमान! पाहुणे आले की म्हणत, "चाळीस वर्षं झाली, पण आहे का काही कुरकुर?"

कुरकुर होती. मला दाबले की पोटात चरचर होई. कधी अंगही गरम लागे. पण माझ्याकडे लक्ष कोण देणार? दिवा लागतो आहे ना, मग झाले!

मग घरातल्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि जीभ अडखळू लागली. एका संध्याकाळी अंधारून आले, तेव्हा ती दिवा लावायला एकटीच उठली आणि माझ्यापासून दोन पावलांवर पडली. मला ना हात, ना पाय. मी नुसता पाहत राहिलो.

दुसऱ्याच आठवड्यात लेकीने काडेपेटीएवढे एक यंत्र आणले. ते माझ्या पाठीमागे बसवले की पलंगाशेजारच्या मोबाइलला नुसते सांगून दिवा लावता येणार होता. वायरिंग करणाऱ्या ताईंनी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि मला भिंतीतून अलगद बाहेर ओढले. तारेवरचे आवरण त्यांच्या बोटांत चुरा होऊन पडले.

"काका, हे बघा. आणखी थोडे दिवस गेले असते, तर इथून आग लागली असती."

बाबांचा चेहरा पडला. "मीच बसवलं होतं हो. पक्कं होतं."

"तेव्हा पक्कंच होतं. पण तारसुद्धा म्हातारी होते, काका. आणि या यंत्राला न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार लागते. तुमच्याकडे ती वर दिव्यापर्यंतच गेलीय, इथवर आलेलीच नाही. नवी ओढावी लागेल."

मला वाटले, आता माझी रवानगी भंगारात! पण ताईंनी माझ्या पितळी पट्ट्या नीट तपासल्या. चरचर एका सैल स्क्रूची होती. मी धडधाकट निघालो. दिवसभर खपून त्यांनी नव्या तारा ओढल्या, स्क्रू आवळला आणि यंत्रासकट मला पुन्हा भिंतीत बसवले. अंगात चरचर असली तर वेळीच कुणाला तरी दाखवावी, एवढे शहाणपण मला त्या दिवशी आले.

पण खरी परीक्षा पुढेच होती. आई म्हणे, "दि... दि..." आणि शब्द तिथेच अडे. मोबाइलला काही कळेना. बाबांना धीर कुठला? तेच घाईने ओरडत, "दिवा लाव!" खोली उजळे, आणि आई तोंड भिंतीकडे फिरवी.

एकदा लेक म्हणाली, "बाबा, तिचा शब्द तिला बोलू द्या ना."

त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी ओठ घट्ट मिटून खुर्चीवर बसू लागले. आई दहादा अडखळे, घामाघूम होई. ती मान हलवून 'आज पुरे' सांगेपर्यंत त्यांनी माझ्याकडे हात नेला नाही. तीन आठवडे असेच गेले. आणि एका संध्याकाळी आई म्हणाली, "दिवा... लाव."

मला कुणाचे बोटही लागले नाही, तरी खोली उजळली! बाबांचे डोळे भरून आले. ते काहीतरी बोलणार, तोच आईने डावा हात वर करून त्यांना थांबवले. तिचे अजून संपले नव्हते.

"आता... चहा... तुम्ही... करा."

बाबा डोळे पुसत, हसत स्वयंपाकघराकडे पळाले.

मित्रांनो, घरात कुणाचा शब्द अडला, तर तो तोंडातून ओढून घेऊ नका. थोडे थांबा. शब्द येतो; मी तो येताना पाहिला आहे.