रिकाम्या खुर्च्यांचा भाव

हॉल मुळात दोघा भावांचा. थोरला तिथं बसून घरांचे नकाशे काढायचा आणि धाकटा त्याच्या जिवावर उड्या मारायचा. थोरला गेला तेव्हा धाकट्यानं वहिनींच्या पायाशी बसून रडत सांगितलं, "वहिनी, खिडकीजवळचं टेबल मरेपर्यंत तुमचं." वहिनी भोळ्या. बाकीची जागा सही करून त्याच्या नावावर करून मोकळ्या झाल्या आणि नवऱ्याचं काम त्याच टेबलावर पुढं करू लागल्या.

दिरानं हॉलमध्ये टेबलं मांडली. ज्याला स्वतःचं ऑफिस परवडत नाही त्यानं खुर्चीचं भाडं भरावं आणि काम करावं. इथवर ठीक होतं हो! पण दीर कुठल्याशा परिषदेला जाऊन आला आणि त्याच्या डोक्यात वारं शिरलं. दारात स्क्रीन लागली. गर्दी वाढली की खुर्चीचा भाव चढणार, ओसरली की उतरणार. सगळ्यांत महाग अर्थातच खिडकीजवळची.

एका सकाळी वहिनी आल्या तर त्यांच्या टेबलावर कुणी परकाच बसलेला. नवऱ्याच्या हातचे नकाशे संडासाच्या भिंतीला टेकवून ठेवलेले, खालून भिजलेले, शाई पसरलेली.

"मी नाही हो वहिनी, आता सिस्टीम ठरवते," दीर म्हणाला. "तुम्हीपण भाव भरा की."

वहिनी ओले नकाशे छातीशी धरून संडासाशेजारच्या खुर्चीवर बसल्या. मनात मात्र म्हणाल्या, थांब मेल्या, तुझी सिस्टीमच तुझ्या घशात घालते.

संधीही त्यानंच दिली. नव्या, मोठ्या जागेचा विसार देऊन बसला होता आणि हा हॉल चढ्या किमतीला विकायला काढला होता. घेणाऱ्या बाई गुरुवारी सकाळी साडेनऊला येणार होत्या. आणि लोकांनी बिनधास्त बुकिंग करावं म्हणून यानंच नियम केलेला, की सकाळी दहापर्यंत रद्द केलं तर एक पैसा कापणार नाही. याला म्हणतात आपल्याच पायावर धोंडा.

वहिनींनी शेजारच्या भाषांतरवालीला गाठलं. तिलाही रोज नवा कोपरा मिळायचा.

"सगळ्यांनी बुक करायचं आणि ऐन वेळी रद्द करायचं," वहिनी म्हणाल्या. "पण आधीच सांगते, हॉल मातीमोलानं जाईल. आपणही रस्त्यावर येऊ."

"रोजच्या संगीतखुर्चीपेक्षा रस्ता बरा," ती म्हणाली आणि फोन घेऊन कामाला लागली.

गुरुवारी सकाळी एकही खुर्ची शिल्लक नव्हती आणि भाव आभाळाला टेकलेला. दिराला अंगावर मूठभर मांस चढलं. बाईंना स्क्रीनसमोर उभं करून म्हणाला, "बघा, सोन्याची अंडी देणारी कोंबडी आहे!"

"पण माणसं कुठायत?" बाईंनी विचारलं.

"येतील हो, आत्ता येतील."

कसली येतायत! दहा वाजायच्या आत एकेक खुर्ची सुटत गेली आणि त्या बाईंच्या डोळ्यांदेखत भाव घसरत पार तळाला गेला. दीर स्क्रीनला थपडा मारत राहिला. बाईंनी रिकाम्या हॉलवर एक नजर टाकली. "गोदामाला बरी आहे जागा," त्या म्हणाल्या आणि ठरलेल्याच्या निम्मी किंमत सांगितली. विसार बुडणार या धास्तीनं दिरानं मान हलवली. मान हलवून झाल्यावर त्याला उमगलं, की एवढ्या पैशांत नवी जागा येणार नव्हतीच, म्हणजे विसारही गेलाच.

बाई गेल्यावर त्याला संडासाशेजारच्या खुर्चीवर शांत बसलेल्या वहिनी दिसल्या. आख्ख्या हॉलमध्ये तेवढं एकच बुकिंग उरलं होतं.

"तुम्ही केलंत हे? अहो, आपलंच नाक कापून मला अपशकुन? तुमचंही टेबल गेलं की!"

वहिनींना मनापासून बरं वाटत होतं. इतकं बरं त्यांना कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"गेलं ना," त्या पिशवी उचलत म्हणाल्या. "पण भाऊजी, माझं नुसतं टेबलच गेलं."