कुंचीसकट वजन

मुदखेडात माझ्या टायरच्या दुकानावर मागं एकदा मी पाटी लावली होती: 'आज हवा शिल्लक नाही, उद्या या.' कसम सांगतो, दुपारपस्तोर अकरा माणसं ती पाटी वाचून, मान हलवून, गाडी ढकलत परत गेली. एक गुरुजी तर 'माल कधी येणार' म्हून इचारून गेले. सांगायचं काय, तर फसवायचं कसं हे मला कळतं, म्हून दुसरा फसवाया आला की मला त्याचा वास आधी येतो.

ती मनस्विनी म्यॅडम दारात आली तवा असाच वास आला.

माझी विशाखा बाळंतपणाला लातूरहून आलेली. पोरगी झालती, पंधरा दिवसांची. विशाखाची आई जाऊन सहा वर्सं झाली, म्हून बाळंतिणीचं सगळं माझ्या मायच्या, साखराबाईच्या हातात. तेल, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, अन् पाणी घोटभरच. म्यॅडम आली पंचवीस-सव्वीसची, पाठीवर बॅग, बॅगेत वजनकाटा.

"काका, नांदेडहून आले. बाळाला अंगावर पाजणं अन् आईची तब्येत, यावर आमचं संशोधन आहे. दर सोमवारी येईन, बाळाचं वजन करीन, ताईला थोडं विचारीन."

"देणार काय?"

"काही नाही."

"घेणार काय?"

"काहीच नाही."

देत न्हाई, घेत न्हाई, अन् रेल्वेनं दर सोमवारी येणार! असं माणूस दिसलं की मी आधी खिसा चाचपतो.

"गाव कोणतं तुमचं?"

"चाकूर."

झालं! कान टवकारले माझे. माझ्या विहीणबाईचं माहेर चाकूर. विहीणबाई म्हंजे लातूरच्या रिटायर हेडमास्तरीण. विशाखाला इकडं धाडताना दारातच बोलल्या होत्या, "तिच्या अंगात रक्तच कमी, पाजायला जमतं का बघा. नाहीतर आम्ही डब्याचं दूध सुरू करू, लवकर पाठवून द्या." तवापासून मी दात धरून होतो. अन् आता ही चाकूरची पोरगी काटा घेऊन दारात! खबरी हाय ही, दुसरं काय.

पण हाकललं तर मजा काय राहिली? म्हणलं, "या की, बसा. च्या घ्या."

पहिल्याच दिवशी वांधा झाला. म्यॅडम म्हणे बाळाचे कपडे काढा. माय उसळली. "उघडं लेकरू तोलतेत का? भाजी हाय का ती? गारठा लागंल, दृष्ट लागंल. न्हाई."

शेवटी तोड निघाली. मायनं जुन्या लुगड्याची कुंची शिवली होती, डोक्यापासून पाठीवर लोंबणारी. आधी नुसती कुंची तोलायची, मग कुंचीसकट पोरगी, अन् वजाबाकी. म्यॅडमनं वहीत लिहिलं: दोन किलो आठशे.

मग प्रश्न. किती वेळा पाजता, दुखतं का, झोप लागते का, रडू येतं का, बाळ दिवसातून लघवी किती वेळा करतं. मी दाराआडून ऐकून राहिलो अन् हसू दाबून राहिलो. एवढं शिकून पोरगी लघव्या मोजत फिरती!

"दूध पुरतंय का?" म्यॅडमनं इचारलं.

विशाखानं तोंड उघडायच्या आत मायनं सांगितलं, "कुठलं पुरतंय बाई. थेंब थेंब."

ह्यात नवं काही न्हाई. आमच्या गल्लीत कोण्याबी बाळंतिणीला इचारा, हेच सांगंल. शेजारची कोंडाबाईची सून, तिचं लेकरू भोपळ्यावानी, मांडीवर मावत न्हाई, तीबी म्हणती थेंब थेंब. दूध भरपूर हाय म्हणलं की दृष्ट लागती अन् आटतं, हे सगळ्यांला पाठ.

म्यॅडम हसली. "आजी, आमच्या चाकूरलाही असंच म्हणतात. आता मी ह्याला दृष्टीचं उत्तर म्हणते. खरं काय ते काटा सांगतो."

बघा! मला तिचा डावच कळला. तोंडाचं मानायचं न्हाई, काट्याचं मानायचं. अन् तो काटा थेट लातूरला जाणार. संध्याकाळी फोन आलाच. विहीणबाई म्हणल्या, "दोन-आठशे भरली म्हणं?" मी गार. सकाळी वहीत लिहिलेला आकडा संध्याकाळी लातूरच्या सोफ्यावर! शक कशाला राहातो मग?

रातभर न्हाई, पाच मिनिटंच इचार केला. आता चाकाचं बॅलन्सिंग करताना रिमला आतून चिकटवायच्या वजनाच्या पट्ट्या असतेत, तुम्ही पाह्यल्या असतील. चपट्या, बोटाएवढ्या. माझ्याकडच्या साठ ग्रॅमच्या. दुसऱ्या सोमवारी कुंची तोलून झाली, माय पोरीला काजळ लावत बसली, अन् मी 'आणा, मी गुंडाळतो नातीला' म्हून कुंची हातात घेतली. काठाची शिवण आधीच उसवून ठेवलेली. तीन पट्ट्या आत सरकवल्या, कोणाला पत्ता न्हाई.

काटा म्हणला, तीन किलो दहा.

"अरे वा!" म्यॅडम म्हणली. अन् मी दुकानात जाऊन टायरावर बसून असा हसलो की गिऱ्हाईक म्हणलं, व्यंकटदादा, आज कोणाची हवा काढली?

संध्याकाळी विहीणबाईचा फोन. "तीन किलोच्या वर गेली म्हणं. बरंय." आवाज जरा पडलेला वाटला मला. मी म्हणलं, "आमच्याकडचं पाणीच तसं हाय ताई." पुढल्या सोमवारी डबल करायचं ठरवलं. रिपोर्ट असा गुबगुबीत धाडू की हेडमास्तरणीचा चष्मा नाकावरून खाली यावा.

तिसऱ्या सोमवारी सहा पट्ट्या. तीन किलो दोनशे.

म्यॅडमनं इचारलं, "ताई, दूध पुरतंय?"

ह्या बारीला माय चुलीकडं होती. विशाखाच बोलली. "न्हाई मॅडम. खरंच पुरत न्हाई हो. लेकरू नुसतं चुळचुळ करतं अन् झोपून जातं. मला तर पाजायचं म्हणलं की घाम फुटतो, एवढं दुखतं."

मी दाराआड मनात म्हणलं, वा रं पठ्ठी! बापावर गेली. डोळ्यात पाणीबी आणलं बगा.

म्यॅडमनं वहीकडं पाह्यलं. दोन आठवड्यांत चारशे ग्रॅम. तिनं विशाखाच्या हातावर हात ठेवला. "सगळ्यांना असंच वाटतं ताई. काटा बघा ना, किती छान वाढतीय. काळजी नका करू." अन् स्टेशनकडं गेली. दुपारच्या गाडीनं नांदेडला जायची ती.

मी पट्ट्या काढाया कुंची मागितली. विशाखानं दिली, पण माझ्याकडं पाह्यलं न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडली. सोंग सरलं तरी रडणं सरंना.

तेवढ्यात फोन वाजला. लातूर. आज तर दुपारीच!

"व्यंकटराव," विहीणबाई म्हणल्या, "वजन काय आलं?"

"तुमच्या मनस्विनीला इचारा की," मी टोमणा हाणला. "चाकूरची हाय, तुम्हांला आधी कळतं."

"कोण मनस्विनी? मला विशाखा सांगते सगळं. रोज दुपारी फोन करून रडते ती, आई, दूध पुरत नाही, छाती दगडासारखी झालीय. मीच म्हणाले, त्या नांदेडच्या बाईंना खरं सांग, लाजू नकोस. पण वजन तर वाढतंय म्हणते. मग बाळ एवढं मलूल कसं, व्यंकटराव? परवा व्हिडिओवर मी पाहिलं, नुसतं झोपलेलं."

माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात कुंची. कुंचीच्या काठात सहा पट्ट्या.

सहा साठे तीनशे साठ. तीन-दोनशेतून तीनशे साठ गेले की राहिले दोन-आठशे चाळीस. चौदा दिवसांत चाळीस ग्रॅम. माझ्या पट्ट्या तेवढ्या गुबगुबीत झाल्या होत्या.

फोन तसाच ठेवला. जाऊन नातीला उचललं. आजवर मी तिला कुंचीसकटच उचललं होतं. नुसती उचलली तवा हात वर गेला, एवढी हलकी. मांडीचं कातडं सैल लागलं बोटाला.

पट्ट्या खिशात घातल्या, कुंची हातात तशीच, स्कूटर काढली. स्टेशनवर म्यॅडम बाकड्यावर बसून वही भरून राहिली होती. सिग्नल पडलेला.

"म्यॅडम, काटा काढा."

"काका? काय झालं?"

"काढा तर."

तिनं काढला. मी खिशातून पट्ट्या एक एक करून त्याच्यावर ठेवल्या. तीनशे साठ. बाजूचा हमाल वाकून बघाया लागला. म्यॅडम आधी हसली, तिला कळलं न्हाई. मग तिची नजर पट्ट्यांवरून माझ्या हातातल्या कुंचीच्या उसवलेल्या काठावर गेली.

"किती वेळा?"

"दोन बाऱ्या. आधी तीन, आज सहा."

"काहून केलं असं?" तिच्या तोंडून चाकूरची बोलीच निघाली.

"मला वाटलं तुम्ही विहीणबाईच्या खबरी हाव."

मला वाटलं ती आता झापंल. तिनं वही उघडली, दोन आकड्यांवर काट मारली. मग इचारलं, "बाळ दिवसातून लघवी किती वेळा करतं?"

मला काय ठाव? तोच प्रश्न, ज्याच्यावर मी तीन सोमवार हसून राहिलो होतो. विशाखाला फोन लावला. "तीनदा, अप्पा. कधी चारदा."

"सहाच्या वर पाहिजे," म्यॅडम म्हणली. गाडी आली, थांबली, गेली. म्यॅडम माझ्या स्कूटरवर मागं बसली.

घरी आल्यावर मायसमोर, विशाखासमोर मला सगळं सांगावं लागलं. माय म्हणली, "मुडद्या." विशाखानं माझ्या हातातली कुंची काढून घेतली. मग म्हणली, "अप्पा, तुमच्या घरात खरं सांगायला गेलं की ते गंमतच वाटतं सगळ्यांला. म्हून मी लातूरला फोन करत होते."

हे मला माय मुडद्या म्हणली त्याच्यापेक्षा लागलं.

म्यॅडमनं मला बाहेर घालवलं अन् समोर बसून विशाखाला पाजायला लावलं. मग कळलं, लेकरू नुसतं टोकच धरत होतं. म्हून भेगा पडलेल्या, म्हून दुखायचं, दुखायचं म्हून दूध आतच राहून गाठ झालेली, अंगात तापबी होता. ताप मायच्या धुरीत कोणाला कळला न्हाई. म्यॅडमनं धरायचं कसं ते दाखवलं, दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायला सांगितलं, अन् तिथूनच नांदेडच्या डॉक्टरीणबाईला फोन लावला. त्याच दुपारी मी जीप करून दोघींना घेऊन गेलो. विशाखाला औषध सुरू झालं. रक्त कमी निघालं, विहीणबाई म्हणल्या होत्या तसंच. मायच्या घोटभर पाण्याला डॉक्टरीणबाईनं असा दम दिला की आता माय स्वतः तांब्या घेऊन मागं लागती.

चार दिवसांनी विहीणबाई लातूरहून आल्या, दोन दिवस राह्यल्या. डब्याचं नावबी काढलं न्हाई. मला म्हणल्या, "व्यंकटराव, मी तुमची विहीण आहे, पोलीस नाही." बाई एवढी चांगली निघाली ह्याचा मला आजूनबी थोडा शकच हाय.

चौथ्या सोमवारी म्यॅडम आली. काटा मांडला अन् मला म्हणली, "काका, उभे राहा. खिसे उलटे करा."

मी केले. बनियनचाबी दाखवला. "आता चार हात लांब. भिंतीला टेका."

कुंची न्हाई, लंगोट न्हाई, काही न्हाई. माय ह्या बारीला गप होती, पण तिनं पोरीच्या गालावर तीट लावली अन् उरलेलं काजळ काट्यालाबी लावलं. पोरगी काट्यावर अशी ओरडली की दुकानातली गिऱ्हाइकं आत डोकावली.

तीन किलो वीस.

म्यॅडमनं पोरीला उचलून काटा शून्यावर आणला, परत ठेवली. तीन-वीस. मी भिंतीला टेकूनच म्हणलं, "अजून एकदा बगा की." माझाबी माझ्यावर इश्वास राह्यला नव्हता. तिसऱ्यांदा तीन-वीस. आठवड्याला एकशे ऐंशी ग्रॅम, नेमकं माझ्या तीन पट्ट्यांएवढं.

म्यॅडमनं वही घेतली. "ताई, दूध पुरतंय का?"

विशाखानं आधी आजीकडं पाह्यलं, मग माझ्याकडं. पोरगी मांडीवर गुटगुट आवाज करून पीत होती.

"कुठलं पुरतंय मॅडम," ती म्हणली. "थेंब थेंब."

म्यॅडमचा पेन थांबला. "खरं का दृष्टीचं?"

विशाखा हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

"दृष्टीचं."

"हळू बोल की गं!" माय ओरडली.