मसुराच्या कालवणातलं लोखंड

या कालवणात वेल्डरचा फायदा उघड होता. बायको पोटभर जेवली, तर राहणार होती. आणि ती राहिली, तर ‘ही पोर परक्या मुलखात टिकायची नाही’ म्हणणाऱ्या त्याच्या वडिलांचं तोंड आपोआप बंद होणार होतं. शिवाय कारखान्यातून आल्यावर दार उघडायला कुणीतरी असणं हा फायदा वेगळाच. तो त्याने कुणाला बोलून दाखवला नव्हता.

लग्न होऊन इथे आल्यापासून तिचं अन्नावरचं मन उडालं होतं. दोन घास खाऊन ताट सरकवायची. मनगटातल्या बांगड्या कोपराकडे घसरू लागल्या होत्या. शेवटी तिनेच सांगून टाकलं, “महिनाअखेरीपर्यंत हे असंच राहिलं, तर मला आईकडे पाठव. झुरून मरायची हौस नाही मला.”

“काय खाशील ते तर सांग.”

“आईचं मसुराचं कालवण.”

मागणी साधी. वेल्डरने सासूला फोन लावला. मसूर कितपत भाजायचे, लसूण कधी ठेचायचा, चिंच किती, सासूने सगळं सांगितलं. शेवटी जराशी थांबली आणि म्हणाली, “बस्स. एवढंच, जावईबापू.”

रविवारी त्याने केलं. बायकोने चाखलं. “छान झालंय,” ती म्हणाली, परक्या घरी पाहुणी म्हणून गेल्यावर म्हणतात तसं. पुढच्या रविवारी पुन्हा केलं, पुन्हा छान. ‘छान’ म्हणजे ताटात उरणार, हे वेल्डरला आता कळायला लागलं होतं.

मग एका संध्याकाळी तो आंघोळ करून आला, तर बायको त्याच्या कामाच्या शर्टात तोंड खुपसून बसलेली. एरवी लोकांच्या बायका तो शर्ट चिमटीत धरून लांब ठेवतात!

“अगं, घाण आहे तो.”

“ह्याला आमच्या कालवणाचा वास येतो,” ती म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

लाल लोखंड पाण्यात बुडवल्यावर कसा वास सुटतो, हे वेल्डरला कुणी शिकवायला नको होतं. म्हणजे सासू कालवणात तापलेलं लोखंड सोडत असणार! घरातल्या विजेच्या शेगडीवर लोखंड काही लाल होईना. त्याने कारखान्यातून गॅसची बत्ती मागून आणली, कोऱ्या लोखंडाचा तुकडा घासून लख्ख केला, गॅलरीत उकिडवा बसून लालबुंद तापवला आणि पकडीने कालवणात सोडला. चर्रर्र! शेजारच्या म्हातारीने घाईघाईने खिडकी लावून घेतली.

बायको जेवली. भातावर घेऊन जेवली, वाटी तोंडाला लावून प्यायली, पातेलं बोटाने पुसून खाल्लं. वेल्डर समोर बसून बघत होता आणि वडिलांना फोनवर काय ऐकवायचं ते मनातल्या मनात जुळवत होता.

“मला घरी जायचंय,” ती रिकाम्या पातेल्याकडे बघत म्हणाली.

“अगं, आता तर जमलं!”

“म्हणूनच तर.” पुढचं रडण्यात गेलं.

तो गॅलरीत गेला आणि फोनवर सासूवर उखडला. “आई, लोखंड तापवून घालायचं, हे तुम्ही मुद्दाम लपवलंत. लेक परत हवी होती ना तुम्हाला?”

“घातलंत?”

“घातलं.”

“अरे देवा! जावईबापू, मी नवी नवरी असताना सासूने हौसेने माझ्या माहेरासारखं रांधून घातलं होतं. सकाळी मी कुणाला न सांगता माहेरची वाट धरली. अर्ध्या रस्त्यातून धरून आणलं मला. चव थोडी कमी पडली, की माणूस कुरकुरत का होईना, रुळतं. तंतोतंत जुळली, की उठून चालायला लागतं. अहो, मला ती तिथेच रुळायला हवी होती!”

बायको माहेरी गेली. वडिलांचा फोन आलाच, “मी म्हटलं नव्हतं?”

आता बायको फोनवर तक्रार करते. “आईच्या हाताला पूर्वीची चव नाही राहिली रे. रोज कालवण करते, पण कसंतरीच लागतं. वय झालं तिचं.” मागे भांडी वाजत असतात. सासू सगळं ऐकते आणि दुसऱ्या दिवशीही लोखंड न घालताच कालवण उतरवते. वेल्डरही लोखंडाचं नाव काढत नाही.

तर हिशेब असा. वडिलांचा शब्द खरा ठरला, बायकोला माहेर मिळालं, आणि वेल्डर रोज स्वतःच कुलूप काढून घरात शिरतो, पण निदान आशेवर. किंमत भरतेय ती सासू. जन्मभर कमावलेलं हाताचं नाव ती लेकीच्याच ताटात थोडं थोडं वाढून संपवतेय.