सरदारमियांचा झरा

घाटंजीच्या बाजारात कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या सरदारमियांचा हात जितका चालायचा, त्याच्या दुप्पट तोंड चालायचं. कंदिलाची वात बदलता बदलता माणूस अशी काही गोष्ट रंगवायचा की गिऱ्हाईक घरी जायचं विसरून जायचं. त्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट काळ्या पहाडाची. जवानीत म्हणे ते एकटे त्या पहाडावर तीन दिवस राहिले, उघड्यावर झोपले, आणि माथ्यावर त्यांना एक बारमाही झरा सापडला. खरं सांगायचं तर सरदारमियां गावाबाहेरच्या नाल्यापलीकडे कधी गेलेच नव्हते. हे त्यांच्या बायकोला, खातूनबीला, ठाऊक होतं आणि अर्ध्या बाजारालाही. पण फुकटात करमणूक होत असेल तर कोण कशाला तोंड धरतो?

एकसष्ट सालची ईद होऊन पंधरा-वीस दिवस झाले आणि दिग्रसहून व्याही आले. अब्दुल गनी नाव, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, अंगानं भरलेले आणि बोलायला कमी. सरदारमियांची एकुलती एक शहनाज त्यांच्या घरी दिलेली, लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. जेवणं झाली, शेवया झाल्या, आणि पान चघळता चघळता व्याही म्हणाले की हंगाम संपलाय, जिनिंग बंद आहे, तर तुमचा तो काळा पहाड दाखवा की एकदा. एक रात्र तिथंच मुक्काम करू.

सरदारमियांचं धाबं दणाणलं. मुलीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? आणि नेलं, नि झरा निघालाच नाही, तर? तुझा बाप थापाड्या, असं उद्या शहनाजला तिच्या सासरी कोणीही उठून ऐकवणार. पोरीची मान खाली जाणार. हे सगळं कळत होतं, पण तोंडाला सवय वाईट. ते म्हणून गेलं, त्यात काय, उद्याच चला! खातूनबीनं पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं दोघं पहाडाखालच्या फाट्यावर उतरले. दोन घोंगड्या, पातेलं, तवा, पीठ, कांदे, खातूनबीनं बांधून दिलेल्या पोळ्या आणि पाण्यानं भरलेली जाड कापडाची छागल, सगळं सरदारमियांच्या पाठीवर. व्याह्यांनी काही घ्यायला हात पुढे केला की हे दोन पावलं लांब सरकायचे. मुलीचा बाप व्याह्याच्या खांद्यावर ओझं देईल का कधी?

एक मात्र झालं. चढण लागली, सागाची वाळली पानं पायाखाली करकरायला लागली, मोहाच्या फुलांचा वास आला, आणि सरदारमियांना चक्क मजा वाटायला लागली. आपण हे सगळं आजवर का पाहिलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांना जोरच चढला. या दगडावर आपण बसलो होतो, त्या झाडाखाली भाकरी खाल्ली होती, असं ते दाखवत सुटले. व्याही सगळ्याला मान डोलावत मागून येत होते.

दुपारी एका मोहाखाली बसले, आणि तिथंच घोटाळा झाला. व्याह्याचे हातपाय धुवायचे तर पाणी काय चुळकाभर ओतायचं? सरदारमियांनी छागल वाकडी केली आणि धार सोडली. जेवणाआधी हात धुतले, पाय धुतले. जेवण झाल्यावर पुन्हा हात धुतले. मग जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाची वेळ झाली, तेव्हा वजूसाठी हातपाय-तोंड धुवायला पुन्हा तीच मोठी धार. व्याही अवघडून बस बस म्हणाले, तर सरदारमियां म्हणाले, घ्या हो, झरा तर काय हा वर आहे. समोरून धार येत असताना पाहुण्यानं हात मागं घेतला तर तो यजमानाचा अपमान, म्हणून व्याह्यांनीही सगळं पाणी हातावर घेतलं. शेवटी छागल पिळून पाहिली तरी थेंब पडेना.

थोडं वर गेल्यावर पायथ्याच्या बंजारा तांड्यावरचा भावसिंग नावाचा गुराखी गुरं घेऊन उतरताना भेटला. व्याही म्हणाले, याला झऱ्याची वाट विचारून घेऊ. सरदारमियां घाईघाईनं आडवे आले. ते म्हणाले, हा पहाड आपल्या अंगणासारखा पाठ आहे, गुराख्याला काय विचारायचं! आणि तरातरा पुढे निघाले.

तासाभरानं माथा आला. माथ्यावर काळे दगड, वाळलं गवत आणि ऊन. सरदारमियां इकडून तिकडे फिरले, दगडाआड वाकून पाहून आले, आपण काहीतरी शोधतोय असं दाखवत राहिले. परत येऊन पाहतात तर व्याही दगडावर बसलेले, चेहरा लालबुंद, ओठांवर पांढरी कड आलेली. काही झालंय का विचारलं तर म्हणे, नाही नाही, मी मजेत आहे. आवाज पार बसलेला. तो आवाज ऐकला आणि सरदारमियांनी शोधायचं नाटक सोडलं. आपली अब्रू वाचवायच्या नादात आपण पोरीचा सासरा मारून बसू, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं.

"समधीसाहेब," ते म्हणाले, "इथं झरा नाई. मी या पहाडावर कधी आलोच नाई. सारं खोटं सांगतलं."

अब्दुल गनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला, उठवा म्हणून. "पहिले पानी पाहू," एवढंच बोलले.

उतरताना सरदारमियांनी भावसिंगाच्या नावानं अशी बोंब ठोकली की खालची गुरंसुद्धा माना वर करून पाहायला लागली. भावसिंग वाट पाहतच होता. माथ्यावर पाणी आजवर कोणी पाहिलं नाही, आणि तुम्ही रिकामी छागल हलवत वर चाललात तेव्हाच मला हसू आलं होतं, असं तो म्हणाला. त्यानं दोघांना खालच्या कोरड्या नाल्यात नेलं, जांभळीखालची ओली वाळू दाखवली आणि हातानं उकरायला लावलं. कोपरापर्यंत खड्डा झाला तेव्हा गढूळ पाणी आलं. ते उपसून टाकलं, पुन्हा भरू दिलं, तेव्हा नितळ पाणी आलं. तिथंही दोघांचं सुरू झालं, आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही. भावसिंग वैतागला. तुम्ही पिता की मी गुरं सोडू, असं म्हणाला, तेव्हा कुठे दोघं एकदमच खाली वाकले. पाण्याला वाळूची चव होती, आणि असं गोड पाणी सरदारमियांनी जन्मात प्यायलं नव्हतं.

भावसिंग तांड्याकडे गेला. ऊन कललं. दोघांनी तीन दगड मांडून चूल पेटवली, घोंगड्या वाळूवर अंथरल्या. व्याही निवांत भाकरी थापत होते. सरदारमियां मात्र चुलीत उगाच काटक्या सारत राहिले. शेवटी राहवेना.

"मले जे म्हनायचं ते म्हना," ते म्हणाले. "फक्त घरी सांगू नका. माह्या पोरीले कोनी बोल लावीन."

"सरदारमियां, तुमी नाल्यापलीकडे गेले नाई, हे शहनाजनं आमाले कवाच सांगतलं."

 मग झरा नाही हे ठाऊक असून पाणी काहून ओतू दिलं, असं सरदारमियांनी विचारलं. व्याही म्हणाले, तुम्ही एवढ्या मानानं ओतत होता, तुमचा हात कसा धरणार? जीव खालीवर होत होता, पण माझाही इलाज नव्हता. आणि वर काही नाही हे माहीत असूनही वाटत होतं की असेल बुवा, तुम्ही सांगतच तसं होता.

मग त्यांनी भाकरी उलटली आणि हळू आवाजात म्हणाले, "लग्न झालं तवा दोन महिने पोर बोलतच नव्हती. हो का नाई, एवढंच. एक दिवस तिनं तुमची पहाडाची गोष्ट काढली. सांगता सांगता सोताच हसाले लागली. आमच्या घरात पहिल्यांदा हसली ती. आता रोज जेवन झालं का सारे तिच्याभवती बसतात, माही बायको सगळ्यात पुढं. म्हटलं, ज्या मानसाच्या थापांनं माही सून हसली, त्याच्यासंगं एक दिवस हिंडून यावं."

सरदारमियांना लग्नापासून एकच घोर होता, पोर त्या घरात रमली असेल की नाही. खातूनबीलाही त्यांनी तो कधी बोलून दाखवला नव्हता.

"खरंच हसली?" त्यांनी विचारलं.

"पोट धरू धरू."

सरदारमियां तिथंच वाळूत बसून लहान पोरासारखे रडले, रडता रडता हसले, आणि तव्यावरची भाकरी दोघांच्याही ध्यानात राहिली नाही. ती करपली. दोघांनी ती अर्धी अर्धी करून कांद्यासोबत खाल्ली.