सिंहाची दाढी

पैज लावून सांगतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. ज्या न्हाव्याच्या बडबडीला कंटाळून त्याच्याच दुकानातले आरसे भिंतीकडे तोंड फिरवायचे, त्या आबांशी त्यांची सख्खी नात दोन महिने एक अक्षर बोलली नव्हती.

सात वर्षांची पोर. जीभ थेट आबांवर गेलेली, म्हणून घरात नावच पडलं टकळी. शाळेची बस उलटली, पोरीचं खरचटण्यावर निभावलं, पण तोंड मिटलं ते मिटलंच. आणि दर मंगळवारी शाळेनं सुचवलेल्या समुपदेशक बाईंच्या खोलीत गेली की दाराबाहेर बसलेल्या आबांना आतून तिची बडबड ऐकू यायची!

"माझ्या मांडीवर वाढली, आणि बोलते कुणाशी? त्या चष्मेवालीशी!" आबा इतके जळले, की त्या धगीनं ब्रशवरचा फेस वाळला आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर ताटकळलं.

शेवटी त्यांनी बाईंना गाठलंच. "जादू काय करता, ते तरी सांगा."

"ऐकते, बस. घरी तुम्ही तिला काय म्हणता?"

"घाबरायचं नाही म्हणतो. आपल्या घरात कुणीच घाबरत नाही, म्हणतो."

"मग तुमच्यापाशी ती काय बोलणार, आबा? तिच्या पोटात तर भीतीच आहे. खोदून विचारू नका. रोज ठरल्या वेळी नुसते तिच्याजवळ बसा."

नुसते बसा? आबांना? सल्ला त्यांनी निम्माच गिळला. रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर टकळीशेजारी बसू लागले, काही विचारेनात. पण गप्प तरी किती राहणार? आठव्या दिवशी मंगळवार आला, बाईंकडची बडबड पुन्हा कानांवर पडली, आणि संध्याकाळी पायरीवर आबांना राहवेना. बघू, त्या चष्मेवालीला सिंह जमतो का!

"सर्कशीतल्या सिंहाची दाढी केलीय मी. आयाळीत तीन कंगवे मोडले. त्यानं जांभई दिली, तर घशात आधीच्या न्हाव्याची कात्री! मी म्हटलं, मान वर करा, शेठ. गालाला वस्तरा लावला. हात कसा, दगड! जरासुद्धा घाबरलो ना—"

"खोटं!"

टकळी गर्रकन आबांकडे वळली.

"खोटं बोलतोयस, आबा. घाबरला होतास तू. मी पण घाबरले होते."