जाईबाईचा ओटा एकमतानं

आमच्या बडनेऱ्याच्या भाजीबाजारात सोसायटीचे मेंबर नव्वद, अन् राज तिघाचं. अध्यक्ष शेषराव, उपाध्यक्ष त्याहिचा साळा ओमप्रकाश, सचिव त्याहिचे व्याही वामनराव. पंधरा वर्सं झाली, निवडणूक बिनविरोध. दुसऱ्याचा फॉर्म कावून बाद होते, ते एकट्या वामनरावलेच समजते.

यंदा त्याहिची नजर जाईबाईच्या ओट्यावर पडली. गेटजवळचा पयला ओटा. बावीस वर्सांपासून बाई तिथं सांभार, म्हंजे तुमची कोथिंबीर, अन् मेथी इकते. शेषरावच्या जावयाले नेमकी तिथंच रसवंती टाकाची होती.

"मोतीराम, ओटा गेला तं मी नालीत बसू का बाप्पा?" जाईबाईनं मले इचारलं.

"काही जात नाही, मावशी. ठराव सभेत येईन ना? नव्वदच्या नव्वद जन नाही म्हनू."

सभेत आमी कमर कसून बसलो. वामनराव वाचाले उठले. माइक कुकरावानी शिट्ट्या मारून राहिला होता. "प्रवेशद्वारालगतच्या... पुनर्वितरणास..." एवढंच आयकू आलं. मंग माइक एकदम सुदरला अन् नावं सुरू झाली.

"जाईबाई?"

"हाव!"

"मोतीराम?"

"हाव!" मी तं हात बी वर केला. माह्या बाजूच्या पिंटूनं तं घरी झोपलेल्या भावाच्या नावानं बी हाव म्हटलं.

शेषराव उभे राह्यले. "ओट्याचा ठराव एकमतानं पास. सुरुवात खुद्द जाईबाईनं केली, टाळ्या!"

मांगच्याहिनं टाळ्या वाजवल्या बी.

"ओ भाऊ!" जाईबाई किंचाळली. "मले वाटलं हजेरी घेऊन राह्यले!"

"हजेरीची सही तं दारातच घेतली ना, बाई," शेषराव म्हने.

"मंग आता माहं नाही लिवा."

वामनरावनं रजिस्टर उलटंसुलटं पाह्यलं. मनापासून शोधलं बिचाऱ्यानं. "नाहीचा रकानाच नाही, बाई. कदी लागलाच नाही."

"मंग नाही कदी म्हनू?"

"पुढच्या सभेत."

"ते कदी हाये?"

"ते आमी तिघं ठरवतो."

मी बोलाले उठलोच होतो, तं ओमप्रकाश वरडला, "आलुबोंडे आले!" सभा तिथंच संपली.

सोमवारी रसवंतीचं उद्घाटन. रजिस्टरात ठरावाची सूचक म्हून जाईबाईचं नाव पडलं होतं, म्हून फीत तिच्याच हातानं. इकडं कैची, तिकडं काखेत सांभाराची टोपली. ठेवाले जागाच नव्हती.

फीत कापल्यावर फोटोवाला म्हने, "मावशी, जराशा बाजूले सरका. अध्यक्ष दिसून नाही राह्यले."